पेंढ्याच्या भिंती : शेतातल्या काडीकचऱ्याचं इन्सुलेशन

पीक घरी आलं की शेतात जे मागे राहतं, म्हणजे भाताचा पेंढा, गव्हाचं काड, तूस, उसाचं पाचट आणि चिपाड, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं), तुराट्या (तुरीची), ते वापरून घराच्या भिंतीला किंवा छपराला ऊन आणि थंडी अडवणारा थर द्यायचा, अशी ही बांधकामाची पद्धत आहे. दरवर्षी नव्याने उगवणारा माल असल्यामुळे याला रिन्यूएबल इन्सुलेशन म्हणतात. यातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला आणि सगळ्यात जास्त तपासला गेलेला प्रकार म्हणजे पेंढ्याचे मशीनने दाबून बांधलेले चौकोनी गठ्ठे विटांसारखे रचायचे आणि दोन्ही बाजूंनी गिलावा करायचा, म्हणून या नोंदीत जास्त जागा त्यालाच दिलीय.

उष्णता अडते कशी

पेंढा स्वतः फार काही अडवत नाही, अडवते ती त्यात अडकून पडलेली हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विन, म्हणजे खूपच कमी, पण हवा मोकळी असली की फिरते आणि फिरली की उष्णता सोबत घेऊन जाते. पेंढ्याची काडी आतून पोकळ असते आणि काड्या एकमेकींवर दाबल्या की मधल्या फटीसुद्धा बारीक बारीक होतात, मग हवेला फिरायला जागा उरत नाही. आपल्याकडे हे सगळ्यांना हाताने माहीत आहे : आंब्याची आढी पेंढ्यात लावतात, तिच्यात हात घातला की ऊब लागते कारण पिकणाऱ्या फळाची उष्णता आतच राहते, आणि बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळतात तेव्हा बाहेरची उष्णता आत जात नाही. दोन्ही ठिकाणी काम एकच, फक्त दिशा उलटी.

आकड्यात बघायचं तर दाबलेल्या पेंढ्याच्या गठ्ठ्याची वाहकता ०.०५ ते ०.०७ च्या आसपास येते (काड्या उभ्या आहेत की आडव्या त्यावर थोडा फरक पडतो), काचेच्या लोकरीची ०.०४ च्या आसपास आणि पक्क्या विटेची साधारण ०.६ ते ०.८. म्हणजे सेंटिमीटरला सेंटिमीटर लावला तर पेंढा काचलोकरीपेक्षा थोडा मागेच आहे, पण गठ्ठाच मुळात ३५-४५ सेंटिमीटर जाड असतो, त्यामुळे अख्ख्या भिंतीचा हिशोब केला तर नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा ती दहा-पंधरा पट कमी उष्णता आत सोडते.

नेब्रास्का आणि मोंतार्जी

गठ्ठ्यांची घरं सुरू झाली अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या सँडहिल्स नावाच्या वाळूच्या टेकड्यांच्या भागात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. तिथे जमीन कसायला आलेल्या लोकांकडे लाकूड नव्हतं कारण झाडंच नाहीत, माती इतकी वाळूची की तिचे ढेकळंही धड निघत नाहीत, गवत मात्र अमाप, आणि त्याच काळात घोड्यांवर चालणारी गठ्ठे बांधायची मशीन आली होती, मग लोकांनी गठ्ठेच रचून घरं उभी केली. तात्पुरती म्हणून बांधलेली, पण हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार राहतात हे लक्षात आल्यावर गिलावा करून तीच कायमची झाली. नोंद सापडते त्यातलं सगळ्यात जुनं बांधकाम बेयार्ड गावाजवळच्या शाळेचं, १८९६-९७ च्या सुमाराचं. त्या शाळेला ना गिलावा होता ना कुंपण, आणि काही वर्षांत गुरांनी ती खाऊन टाकली. ही गोष्ट सांगण्यासारखी यासाठी की या पद्धतीतला पहिला धडा तोच आहे, गिलाव्याशिवाय पेंढ्याची भिंत ही भिंत नाहीच, ती गंजी आहे. त्याच राज्यात आर्थर गावात १९२८ साली राय नावाच्या धान्याच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी बांधलेलं आणि नीट गिलावा केलेलं चर्च मात्र अजून उभं आहे.

या नेब्रास्का पद्धतीत छपराचा सगळा भार गठ्ठ्यांवरच येतो. दुसरी पद्धत म्हणजे लाकडाचा सांगाडा उभा करून मध्ये गठ्ठे भरायचे, त्याचा जुना नमुना फ्रान्समधल्या मोंतार्जी गावात आहे. एमिल फ्वेयेत या इंजिनिअरने १९२० मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर बांधकामाच्या मालाची टंचाई असताना, हे घर बांधलं, शंभर वर्षं होऊन गेली तरी ते उभं आहे आणि आता फ्रान्समधल्या पेंढा-बांधकामाच्या केंद्राकडे आहे. फ्रान्सने २०१२ मध्ये पेंढा भरून केलेल्या भिंतींचे व्यावसायिक नियमच लागू केले, त्यामुळे तिथे शाळा आणि सरकारी इमारतीसुद्धा अशा बांधल्या जातात. अमेरिकेतही घरबांधणीच्या आदर्श नियमावलीत २०१५ च्या आवृत्तीपासून याचं परिशिष्ट आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की नियम आल्यावरच बँक, विमा आणि कंत्राटदार हे तिघं पुढे येतात, तोपर्यंत काम हौशी लोकांच्या हातातच राहतं.

पाणी, आग आणि उंदीर

पेंढ्याचा खरा शत्रू पाणी. गठ्ठ्यातली ओल वजनाच्या २० टक्क्यांच्या वर गेली आणि तिथेच टिकली की बुरशी धरते आणि पेंढा कुजायला लागतो, म्हणून गठ्ठे कापणीपासून भिंतीत जाईपर्यंत कोरडे ठेवावे लागतात, मध्येच अवकाळी आला आणि ताडपत्री नसली तर अख्खा माल बाद. भिंत बांधतानाही जोतं उंच हवं आणि वळचण लांब हवी, म्हणजे खालून ओल चढणार नाही आणि पागोळ्या भिंतीवर पडणार नाहीत. आपल्या जुन्या मातीच्या घरांचा नियमही अगदी हाच होता. खिडकीची खालची कड ही सगळ्यात नाजूक जागा, बहुतेक भिंती तिथून खराब होतात. गिलावा मातीचा किंवा चुन्याचा, कारण तो वाफ ये-जा करू देतो, आतली ओल बाहेर पडते. बाहेरून जाड सिमेंटचा आणि वर ऑइल पेंट असा पक्का लेप दिला की आत शिरलेलं पाणी आतच अडकतं आणि भिंत आतून सडते, बाहेरून पत्ताही लागत नाही.

आगीची भीती सगळ्यांना वाटते आणि ती चुकीची नाही, पण ती सुट्या पेंढ्याची आहे. घट्ट गठ्ठ्यात हवा फिरत नाही म्हणून तो पेट घ्यायला मागत नाही, वरवर काळा पडतो. अमेरिकेत २००६ मध्ये प्रमाणित भट्टी-चाचण्या झाल्या त्यात मातीचा गिलावा केलेली भिंत एक तास आणि चुना-सिमेंटच्या गिलाव्याची दोन तास टिकली. धोका असतो तो बांधकाम चालू असताना, जमिनीवर पसरलेल्या काडीकचऱ्याला वेल्डिंगची ठिणगी किंवा कोणाची विडी लागली तर, म्हणून साइट रोज झाडून काढतात.

उंदरांना पेंढ्यात रस नसतो, त्यात राहिलेल्या दाण्यात असतो, त्यामुळे मळणी नीट झालेला पेंढा घ्यायचा आणि गिलाव्यात फट ठेवायची नाही. भारतात वाळवीचा प्रश्न जास्त मोठा आहे, तिथे जोत्यात अडथळा आणि बोरिक ॲसिडसारखी प्रक्रिया लागते. भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त असते, तो कुजायला इतर पेंढ्यांपेक्षा जास्त वेळ घेतो, आणि पंजाबात गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत त्याचंही एक कारण तेच.

गठ्ठ्यापलीकडचे प्रकार

सगळीकडे दीड फूट जाडीची भिंत परवडत नाही, विशेषतः शहरात जिथे चौरस फुटाला पैसे मोजायचे असतात, म्हणून बोर्ड आणि पॅनल. लुइझियानात १९२० च्या दशकात साखर कारखान्याच्या चिपाडापासून सेलोटेक्स नावाचा इन्सुलेशन बोर्ड निघाला आणि तो अमेरिकेत घराघरात बसला, म्हणजे ज्याला आपण कारखान्यात बगॅस म्हणतो आणि बॉयलरला घालतो त्याचा हा उपयोग शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये पेंढा गरम करून दाबायची युक्ती सापडली, त्यात पेंढ्यातलंच लिग्निन (काडीला ताठपणा देणारा पदार्थ) मऊ होऊन काड्या एकमेकींना धरतात, वेगळा गोंद लागत नाही, वर जाड कागद चिकटवला की पॅनल तयार. ब्रिटनमध्ये हे पॅनल स्ट्रामिट या नावाने विकले गेले. असं पॅनल गठ्ठ्याइतकं इन्सुलेशन देत नाही कारण ते जास्त दाबलेलं असतं, पण पाच-सहा सेंटिमीटरचं एक पॅनल उघड्या स्लॅबखाली लावलं तरी येणारी उष्णता हिशोबाने निम्म्याच्या खाली जाते. फ्रान्समध्येच हेम्पक्रीट पुढे आलं, भांगेच्या झाडाचा धागा काढून घेतल्यावर उरणारा काडीचा भुगा आणि चुना. आणि तुसाचं म्हणाल तर ते काहीच न करता पोकळ भिंतीत ओतलं तरी चालतं, फक्त कोरडं आणि नीट दाबलेलं हवं.

आपल्याकडचं जुनं आणि एक जड धडा

महाराष्ट्रात पिकाची काडी भिंतीत घालणं नवीन नाही. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत, आणि वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले होते हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. तिथे हेतू माती तडकू नये हा होता, इन्सुलेशनचा नाही, पण काडी मातीत किती शतकं टिकते ते त्यातून दिसतं. मराठवाड्यात आणि विदर्भात तुराट्यांचा कूड शेणमातीने सारवून भिंत करायचे, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर आणि नाशिककडच्या कांदा चाळींवर पाचट टाकतात, आणि उन्हाळ्यात कोंबड्या मरू नयेत म्हणून पोल्ट्रीच्या पत्र्यावर पाचट किंवा पेंढा अंथरून पाणी मारतात. हे सगळं इन्सुलेशनच आहे, फक्त त्याला कोणी ते नाव दिलं नाही.

माळवदाचं मात्र वेगळं. लातूर-धाराशिव भागातली जुनी घरं दगडाच्या जाड भिंती आणि वर लाकडी तुळयांवर फूट-दोन फूट पांढरी माती अशी होती, आणि ती गार असायची ती वजनाच्या जोरावर, दिवसाची उष्णता माती पिऊन घ्यायची आणि घरात पोचेपर्यंत रात्र व्हायची. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तीच माती आणि तेच दगड झोपलेल्या माणसांवर आले, आठ-दहा हजार माणसं गेली. नंतर लोक माळवदाला घाबरले हे बरोबरच होतं, पण त्याच्या जागी जे पत्रे आणि उघडे स्लॅब आले ते एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखे तापतात. घर गार ठेवायला वजन लागतंच असं नाही, अडकवलेली हवाही ते काम करते आणि ती डोक्यावर पडली तरी कोणी मरत नाही, हे उत्तर त्या भागाला कोणी नीट दिलंच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. शेजारच्या देशात ते करून पाहिलं गेलंय : २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानच्या उत्तर भागात स्वस्त पेंढा-गठ्ठ्यांची घरं बांधली गेली आणि त्याच पद्धतीचं एक पूर्ण आकाराचं घर २००९ मध्ये अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या भूकंप-टेबलावर हलवून बघितलं, गुरुत्वाकर्षणाच्या ०.८२ पट इतक्या झटक्यालाही ते पडलं नाही.

कुठला माल घ्यायचा

भारतात पिकांचे अवशेष वर्षाला साधारण ५० कोटी टन निघतात असा सरकारी अंदाज आहे, त्यातला बराचसा चारा, सरपण आणि खतात जातो, पण कोट्यवधी टन शेतातच जाळला जातो. पंजाब-हरियाणात भूजल वाचवायला २००९ पासून भाताची लावणी पुढे ढकलली गेली, त्यामुळे कापणी आणि गव्हाची पेरणी यात दोन-तीन आठवडेच उरतात आणि हार्वेस्टरने मागे सोडलेला पेंढा आगकाडी लावून जाळून टाकतात. इन्सुलेशनसाठी सगळ्यात योग्य माल तो आहे. सुक्या पेंढ्याच्या वजनात सुमारे ४० टक्के कार्बन असतो, म्हणजे एक किलो पेंढा न जाळता भिंतीत ठेवला की जवळपास दीड किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा थांबतो, भिंत उभी आहे तोपर्यंत.

महाराष्ट्रात हिशोब जरा जपून करावा लागतो. ज्वारीचा कडबा भिंतीत घालायचा विचारही करू नये, दुष्काळी वर्षात चारा छावणीत त्याच्या एकेका पेंढीला किंमत असते. बगॅसवर कारखान्यांची वीज चालते. पाचट शेतातच कुट्टी करून कुजवलं तर जमिनीचा कस वाढतो, सगळं उचलून नेणं बरं नाही. कोकणात पेंढा गुरांना लागतो, आणि तिथला पाऊस आणि दमट हवा बघता गठ्ठ्यांची भिंत तिथे मी तरी सुचवणार नाही. उरतात पऱ्हाट्या, तुराट्या आणि राइस मिलचं तूस. यात पऱ्हाट्यांचा मुद्दा सगळ्यात जोरदार आहे, कारण वेचणी संपल्यावर त्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवल्या तर गुलाबी बोंडअळी त्यातच थांबते आणि पुढच्या हंगामात परत येते, म्हणून फरदड (त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक) न घेता त्या लवकर उपटून हलवा असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, आणि हलवायच्या कुठे हा प्रश्न शेतकऱ्यावर सोडून देतं. मुंबईच्या माटुंग्यातल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड करायचं तंत्र केव्हाच तयार केलंय. अडचण वाहतुकीची येते, पऱ्हाटी हलकी आणि अघळपघळ, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही, त्यामुळे गावातच चिपर लावून भुगा केला आणि कारखाना जिनिंगच्या आसपास असला तरच भाव जुळतो.

घरांसाठीच्या केंद्राच्या ऊर्जा नियमावलीत, २०१८ च्या इको निवास संहितेत, छपरातून येणाऱ्या उष्णतेला १.२ वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन अशी मर्यादा आहे, उघडा स्लॅब त्याच्या कितीतरी वर असतो. अकोला, यवतमाळ, नांदेड या पट्ट्यात छप्परच आधी धरावं, भिंत नंतर, कारण मे महिन्यात ऊन डोक्यावरून येतं. पत्र्याखाली एक वीत जागा सोडून काडीचं पॅनल लावायचं, वरच्या फटीतून गरम हवा निघून जाईल अशी दोन्ही टोकं उघडी ठेवून जाळी मारायची, आणि पत्र्याचे खिळे मृगाच्या आधी एकदा बघून घ्यायचे.