रिबेका नर्सचे माहेर

मॅसॅच्युसेट्समधल्या सेलेम येथे १९ जुलै १६९२ रोजी पाच बायकांना चेटकिणी ठरवून फाशी दिले गेले. त्यांत रिबेका नर्स होती; ७१ वर्षांची, आठ मुलांची आई. तिची हकीकत नेहमी नर्स या सासरच्या आडनावाने सांगितली जाते. पण तिच्यावर हे का ओढवले याची उत्तरे बरीचशी माहेरी, म्हणजे टाउन घराण्यात सापडतात.

वडील विल्यम टाउन, आई जोआना ब्लेसिंग. दोघांचे लग्न इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथच्या सेंट निकोलस चर्चमध्ये २५ एप्रिल १६२० रोजी लागले. थोरल्या रिबेकाचा बाप्तिस्मा २१ फेब्रुवारीचा. इथेच वंशावळ लिहिणारे घसरतात. तेव्हा इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि ही पद्धत वसाहतींतही १७५२ पर्यंत चालली. त्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६२० सालातलाच. आकडा जसाच्या तसा उचलला तर मूल लग्नाच्या दोन महिने आधीचे ठरते! म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख १६२०/२१ अशी जोडवर्षाने लिहावी.

१६४० च्या सुमारास कुटुंब सेलेमला आले आणि पुढे टॉप्सफिल्डला स्थिरावले. रिबेकाने लाकडी पराती-तबके बनवणाऱ्या फ्रान्सिस नर्सशी लग्न केले. मेरी आयझॅक एस्टीला दिली. धाकटी सारा आधी एडमंड ब्रिजेसची बायको आणि वैधव्यानंतर पीटर क्लॉइसची. तिघी सख्ख्या बहिणी, पण कागदांत त्यांची चार आडनावे, शिवाय एकेकाची स्पेलिंगे वेगळी: नर्स-नोर्स, एस्टी-ईस्टी. लग्न झालेल्या बाईचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरून जाई. त्यामुळे तिला थेट तिच्या नावाने शोधत बसू नये; वडिलांच्या इस्टेटीचे कागद आधी काढावेत. टाउन घराण्याच्या वाटणीत जमीन मुलांकडे आणि चीजवस्तू मुलींकडे गेली. त्या कागदावर फ्रान्सिस नर्स रिबेकाच्या संमतीने सही करतो. मुलगी, जावई आणि माहेर एका ओळीत जोडणारा असा कागद सापडणे हे मोठे भाग्य.

आता शिवेचा वाद. सेलेम व्हिलेज, म्हणजे सेलेमचा शेतवाड्यांचा भाग, आणि टॉप्सफिल्ड यांच्या मधल्या पट्ट्यावर दोन्हीकडचे लोक हक्क सांगत, कारण वसाहतीच्या जनरल कोर्टाने, म्हणजे विधिमंडळाने, तिथे वस्तीची परवानगी आधी सेलेमकरांना आणि नंतर इप्सविचकरांना दिली होती. टॉप्सफिल्ड १६५० मध्ये इप्सविचमधूनच वेगळे निघाले. लाकूडतोडीवरून टॉप्सफिल्डची टाउन आणि सेलेम व्हिलेजची पटनम मंडळी समोरासमोर येत. त्यात १६७८ मध्ये फ्रान्सिसने सेलेम व्हिलेजमधली ३०० एकरांची शेतवाडी हप्त्यांवर घेतली आणि टॉप्सफिल्डच्या जावयाचे बिऱ्हाड वादाच्या ऐन मध्यावर आले. रिबेकाविरुद्ध बोलणाऱ्यांत पटनम घरातली माणसे ठळक दिसतात. केवळ जमिनीपायी सगळे घडले, असे मात्र मानू नये. आई जोआनाही चेटकीण होती ही कुजबुज जुनीच होती, आणि चेटूक आईकडून मुलींकडे येते हा समज पक्का होता.

२४ मार्चला रिबेकाला अटक झाली. पुढच्या महिन्यात सारा आणि मेरीही तुरुंगात. ३९ शेजाऱ्यांनी रिबेकाच्या चांगुलपणाची ग्वाही सह्यांनिशी दिली. ज्यूरीने आधी तिला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांनी मग तिच्याच एका वाक्याकडे बोट दाखवले. कैदी डेलिव्हरन्स हॉब्जला साक्षीला आणलेले पाहून ती म्हणाली होती की ही तर आमच्यातलीच. तिच्या मनात होते आमच्यासारखीच कैदी. ऐकणाऱ्यांनी घेतले चेटकीण. खुलासा विचारला तेव्हा तिला ऐकूच आले नाही. तिला कमी ऐकू येई, आणि दुःखाने ती खचली होती. निकाल फिरला. मेरीला २२ सप्टेंबरला फाशी झाली. एकटी सारा वाचली, १६९३ मध्ये सुटली.

१७११ मध्ये वसाहतीने दोषसिद्धी रद्द करून नुकसानभरपाई दिली. नर्स कुटुंबाला २५ पौंड मिळाले. चर्चने बहिष्कार मागे घ्यायला १७१२ उजाडले.

या घराण्याचा माग घेताना दोन ठिकाणे चुकवू नयेत. जुने सेलेम व्हिलेज म्हणजे आजचे डॅनव्हर्स; नर्सांची वाडी तिथे आहे, सेलेम शहरात नाही. आणि सुटकेनंतर सारा व पीटर क्लॉइस नात्यागोत्यातल्या लोकांसह फ्रेमिंगहॅमला गेले. तिथल्या रस्त्याला अजूनही सेलेम एंड म्हणतात. या शाखांच्या १६९३ नंतरच्या नोंदी त्या गावच्या दप्तरात पाहाव्यात.