पौराणिक वीरकथांची कॉमिक्स

तलवार, शाप, वरदान, राक्षस आणि या सगळ्यांना एकटाच पुरून उरणारा हिरो, आणि हा सगळा माल जुन्या पुराणांतून, दंतकथांतून उचललेला, अशी चित्रकथा म्हणजे पौराणिक वीरकथांचं कॉमिक. यात मुळात दोन जाती आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. एक जात मूळ गोष्टच सांगते, कृष्ण, कर्ण, हनुमान, पोथीत आहे साधारण तसं. दुसरी पुराणातलं सामान घेते आणि त्यातून स्वतःचा नवाच हिरो उभा करते, ज्याचं नाव कुठल्याच पुराणात सापडणार नाही.

पुण्यातल्या पोराला हे समजावायचं तर वेताळ पुरे. वेताळ टेकडीवर देऊळ आहे तो वेताळ म्हणजे गावदेव, भुताखेतांचा राजा. मग चांदोबातला वेताळ, प्रेतात शिरून विक्रमाच्या खांद्यावरून गोष्ट सांगणारा आणि राजा बोलला की परत झाडावर जाऊन लटकणारा, चित्रकार शंकर यांनी काढलेलं ते उपसलेल्या तलवारीचं आणि खांद्यावरच्या प्रेताचं चित्र पाहिलेला माणूस ते विसरत नाही (चांदोबा तसं कॉमिक नव्हे, सचित्र मासिक, पण खाज तीच). आणि तिसरा वेताळ म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला, अंगाला घट्ट सूट, डोळ्यांवर मास्क, बोटात कवटीची अंगठी. हा मुळात ली फॉकचा १९३६ सालचा अमेरिकन फँटम, १९६४ पासून इंद्रजालमधून भारतात आला आणि मराठीत येताना सरळ वेताळ होऊन बसला. भाषांतर करणाऱ्याची कमालच म्हणायची, कारण त्या एका नावामुळे आफ्रिकेच्या जंगलातला गोरा माणूस आपल्या ओळखीचा वाटायला लागला.

बाहेरच्या जगात ही परंपरा जुनी. हॅल फॉस्टरने १९३७ मध्ये राजा आर्थरच्या दरबारातल्या प्रिन्स व्हॅलिअंटची मालिका सुरू केली, त्यात बोलण्याचे फुगे नव्हतेच, मजकूर चित्राबरोबर वेगळा यायचा. रॉबर्ट हॉवर्डचा कोनन नावाचा रानटी योद्धा १९३२ मध्ये छापील कथेत आला आणि १९७० मध्ये मार्व्हलने त्याचं कॉमिक काढलं. त्याच मार्व्हलने १९६२ मध्ये नॉर्स म्हणजे उत्तर युरोपातल्या पुराणातला थॉर उचलला होता, म्हणजे वीज पाडणारा देव, हातात हातोडा, आपल्या इंद्राचा चुलतभाऊ म्हणा ना.

आपल्याकडे पहिल्या जातीचं मोठं नाव अमर चित्र कथा, सुरुवात १९६७, मुंबई. टीव्हीवरच्या एका क्विझमध्ये मुलांना ग्रीक देवांची उत्तरं आली पण रामाच्या आईचं नाव आलं नाही, त्यावरून अनंत पै यांना ही कल्पना सुचली असं ते सांगायचे. गंमत म्हणजे पहिले दहा अंक सिंड्रेला छापाच्या परदेशी परीकथांचे होते, कृष्ण आला अकराव्या नंबरला, चित्रं राम वाईरकरांची. बत्तीस पानांत एक अख्खं आयुष्य बसवायचं हा हिशोब.

आता योगायोग बघा. पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे मूळ पाठ कोणता ते ठरवायचं काम चाललं होतं, हजाराच्या वर हस्तलिखितं ताडून पाहिली, आणि ती आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली, अमर चित्र कथा सुरू व्हायच्या एकच वर्ष आधी. भांडारकरांच्या पंडितांनी काय केलं, तर गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही आपली सगळ्यांची लाडकी गोष्ट मूळ संहितेत बसत नाही म्हणून परिशिष्टात टाकली. चित्रकाराला हे परवडत नाही. दात मोडून लिहायला बसलेला गणपती ही तयार चौकट आहे, ती कोण सोडेल? पंडित पुरावा बघतो, कॉमिकवाला काय काढता येतं ते बघतो, माझ्या मते या प्रकाराचं अर्धं व्याकरण एवढ्यात आलं. म्हणून भीष्माची शरशय्या प्रत्येकाने काढलीय आणि शांतिपर्व दोन पानांत उरकलंय. अमर चित्र कथेने पुढे १९८० च्या दशकात महाभारताचे ४२ भाग काढले, त्यातली बरीचशी चित्रं दिलीप कदमांची.

दुसऱ्या जातीत पुण्याचं नाव निघतं ते प्रताप मुळीकांमुळे. अमर चित्र कथेत देव आणि राजे काढून हात बसलेला हा माणूस १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराज काढायला लागला. नागराजच्या अंगात असंख्य सूक्ष्म साप, फुंकरीत विष, मुळात एका दुष्ट शास्त्रज्ञाने विकायला तयार केलेलं शस्त्र, पण त्याला त्या गुलामीतून सोडवतो कोण तर बाबा गोरखनाथ! नवनाथांची पोथी लावणाऱ्या घरात वाढलेल्या पोराला याच्यात काहीच विचित्र वाटलं नाही. मुळीकांचे दंड, छाती, मांड्या बघा, तेच शरीर त्यांनी आधी पौराणिक वीरांना दिलेलं, फक्त मुकुट काढून अंगावर हिरवे खवले चढवले. राज कॉमिक्सचाच भोकाल तर अजूनच शुद्ध नमुना, परीलोकातून आलेला, महागुरूचं नाव घेतलं की हातात ढाल-तलवार. मंत्र म्हटला की अस्त्र हजर, हा ब्रह्मास्त्राचाच नियम.

खटकतं ते एवढंच की हात मराठी आणि फुगे हिंदी. मराठीत आलं ते बहुतेक भाषांतर होऊनच.

खरं तर चित्र दाखवून वीरकथा सांगणं आपल्याकडे छापखान्याच्याही आधीचं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारत गाऊन सांगतात, कागद पाठीला पाठ चिकटवलेले, अशा चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणतात. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. असली जुनी चित्रं पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात बघायला मिळतात, मोठाल्या डोळ्यांचे योद्धे, रथ, हवेत अडकलेले बाण, अगदी कॉमिकची चौकट, फक्त फुग्याच्या जागी गाणारा माणूस.

जुने अंक अजूनही रद्दीच्या दुकानात आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपास नशीब असेल तर मिळतात, पिना गंजलेल्या, शेवटचं पान बहुतेक वेळा गायब. माझ्याकडच्या भोकालच्या एका अंकात आधीच्या मालकाने निळ्या बॉलपेनने तलवारीला जास्तीच्या ज्वाळा काढून ठेवल्यात, पार चौकटीबाहेर, शेजारच्या राक्षसाच्या मिशीपर्यंत.