बहिष्कार आणि नोटा: परिणाम सारखा, नोंद वेगळी

निवडणूक जवळ आली की विदर्भातील गावांमध्ये दोन गोष्टी एका दमात बोलल्या जातात. पांदण रस्ता झाला नाही, नाल्यावरचा पूल अर्धवट पडून आहे, तेव्हा मतदानावर बहिष्कार टाकू. नाहीतर नोटा, म्हणजे मतदान यंत्रावरचे ‘वरीलपैकी एकही नाही’ हे बटण, दाबू, अर्थ एकच. अर्थ एकच नाही. ही गल्लत शिकलेली माणसेही वर्षानुवर्षे करत आली आहेत, आणि तिचे नुकसान नेमके त्यांना सोसावे लागते ज्यांचा राजकारण्यांवरचा अविश्वास मनापासूनचा आणि सकारण असतो.

बहिष्कार म्हणजे काय, हे गावात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. बैठक होते, तहसीलदारांना निवेदन जाते, मतदानाच्या दिवशी अधिकारी समजूत काढायला येतात आणि कधी दुपारनंतर मतदान सुरू होते, कधी होतच नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत मेळघाटातील काही गावांनी मूलभूत सोयींसाठी हाच मार्ग धरला होता. नोटासाठी मात्र केंद्रावर जावे लागते आणि बोटाला शाई लावून घ्यावी लागते. हा फरक उघड आहे, त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

कायद्याचा मुद्दाही थोडक्यात आटोपतो. राज्यघटनेच्या कलम 51-क मधील मूलभूत कर्तव्यांच्या यादीत मतदान नाही, आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 मध्ये निवडणूकविषयक हक्काची व्याख्या करताना मतदान करण्याबरोबरच मतदानापासून दूर राहण्याचाही उल्लेख आहे. त्यामुळे मत न देणारा नागरिक कायदा मोडत नाही. दुसऱ्याला मतदानापासून बळाने रोखणारा मात्र मोडतो. गावाने बहिष्कार ठरवला म्हणून मत देऊ इच्छिणाऱ्या एखाद्या बाईला घराबाहेर पडू न देणे मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही.

आता खरा गोंधळ. नोटाला सर्वाधिक मते मिळाली तर निवडणूक रद्द होते आणि सगळे उमेदवार बाद होतात, असा संदेश प्रत्येक निवडणुकीत मोबाईलवर फिरतो. लोकसभा आणि विधानसभेपुरता तो साफ खोटा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2013 रोजी ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्याय यंत्रावर देण्याचा आदेश दिला, तो मुख्यतः गुप्ततेसाठी. त्याआधी कुणालाच मत द्यायचे नसेल तर नियम 49-ओ नुसार केंद्राधिकाऱ्यासमोर तसे सांगून नोंदवहीत शेरा लिहवून घ्यावा लागे, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोरच आपली नाराजी उघड होत असे. नोटाने ती अडचण दूर केली. निकाल बदलण्याची शक्ती त्याला दिली नाही. 2019 मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, 2024 मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात नोटाला 2 लाखांहून अधिक मते पडली, आणि दोन्हीकडे सर्वाधिक मते मिळालेला उमेदवारच निवडून आला. नोटा पहिल्या क्रमांकावर गेला असता, तरीही त्याच्या खालोखालचा उमेदवार विजयी ठरला असता. उमेदवाराची अनामत रक्कम वाचवण्यासाठी लागणारा एकूण वैध मतांचा एक षष्ठांश हिस्सा मोजतानाही नोटाची मते धरली जात नाहीत.

या अफवेला थोडा आधार मिळाला तो महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर 2018 च्या आदेशामुळे. नगरपरिषद आणि नगरपंचायतीसारख्या नागरी संस्थांच्या निवडणुकीत नोटाला काल्पनिक उमेदवार मानून, तो सर्वांच्या पुढे गेल्यास फेरनिवडणूक घ्यावी, असे त्यात ठरले. फेरनिवडणुकीतही तसेच घडले तर मात्र सर्वाधिक मते मिळालेला उमेदवार विजयी होतो. त्यामुळे आपण कोणत्या निवडणुकीबद्दल बोलत आहोत, हे न सांगता नोटाविषयी छातीठोक विधान करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

म्हणजे विधानसभेत कोण जाणार, याच्या हिशेबात घरी बसणे आणि नोटा दाबणे सारखेच ठरते. फरक पडतो तो नोंदीत. मतदान न केलेल्यांच्या आकड्यात वीटभट्टीवर गेलेला मजूर असतो, पुण्याला कामाला गेलेला मुलगा असतो, यादीतून नाव न काढलेला मृत माणूस असतो आणि रागाने घरी बसलेला शेतकरीही असतो. त्या शेतकऱ्याचा राग कुणालाच वेगळा वाचता येत नाही. संपूर्ण गावाने जाहीर बहिष्कार टाकला तर शून्य मतदान निदान दिसते, पण एकट्यादुकट्याचा बहिष्कार दिसत नाही. नोटा मात्र केंद्रनिहाय निकालपत्रकात आकड्याने उतरतो, आणि कोणत्या गावातून किती मते आली हे पाहणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याच्या नजरेस पडतो. गडचिरोलीत हा फरक सर्वांत ठळक आहे. माओवाद्यांनी बहिष्काराची हाक दिलेल्या भागात केंद्रापर्यंत पायी जाऊन नोटा दाबणाऱ्या माणसाने ती हाक नाकारलेली असते आणि उमेदवारही नाकारलेले असतात. 2014 आणि 2019 या दोन्ही लोकसभा निवडणुकांत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात नोटाला 20 हजारांहून अधिक मते पडली. त्यांना बहिष्कारात जमा करणे हा त्या मतदारांवर अन्याय आहे.

म्हणून कर्तव्याबद्दल माझे मत असे आहे: केंद्रावर जाणे हे कर्तव्य, कुणावर तरी विश्वास ठेवणे हे कर्तव्य नाही. अविश्वास असलेली माणसे घरी राहिली तरी पैसे घेऊन मत देणारा घरी राहत नाही, आणि ठेकेदाराची माणसेही राहत नाहीत. पुढची 5 वर्षे निधी कुठे जाईल हे मग तेच ठरवतात. उमेदवारांमध्ये थोडाही फरक दिसत असेल तर त्यातल्या बऱ्याला मत द्यावे, आणि तसा फरक खरोखरच दिसत नसेल तेव्हाच नोटा दाबावा. ग्रामपंचायतीत तर मी नोटा दाबायला सांगणारच नाही, कारण तिथे उमेदवार आपल्याच आळीतला असतो, त्याचा व्यवहार आपण वर्षानुवर्षे पाहिलेला असतो आणि तो निवडून आल्यावर पूर्ण-अपूर्ण कामांचा जाब ग्रामसभेत उभे राहून त्याला समोरासमोर विचारता येतो.