लॅक्टिक ॲसिड साठत नाही हो, ते जळतं!

काल जोरात पळून आलेला माणूस आज जिना उतरताना कठडा धरतो आणि सांगतो, लॅक्टिक ॲसिड साठलंय. कोच पण तेच सांगतात, मसाजवाले पण तेच, आणि ते ॲसिड "बाहेर काढून टाकणारी" मशीनं नि ड्रिंक्स विकणारे तर सांगतातच. मला हे ऐकलं की राहवत नाही, कारण यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे आणि खरी गोष्ट फार सुंदर आहे.

आधी दुखण्याचं बघू, ते पटकन होईल. जोरात पळाल्यावर रक्तातलं लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) वाढतं हे बरोबर, पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते परत नेहमीच्या पातळीवर येतं. पाय मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतात. १९८३ साली संशोधकांनी हे सरळ तपासूनच बघितलं, लोकांना ४५ मिनिटं सपाट ट्रेडमिलवर पळवलं आणि ४५ मिनिटं उतारावर. सपाटीवर लॅक्टेट वाढलं पण नंतर पाय दुखले नाहीत, उतारावर लॅक्टेट फारसं वाढलंच नाही आणि पाय मात्र चांगलेच दुखले. उतरताना मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो, म्हणजे तो ब्रेकचं काम करतो, त्यात त्याच्या बारीक तंतूंना इजा होते आणि मग सूज नि दुखणं. त्यामुळे "ॲसिड फ्लश" करायला पैसे देऊ नका, मसाजने बरं वाटत असेल तर मसाज जरूर घ्या, पण तेव्हा फ्लश करण्यासारखं तिथे काही उरलेलंच नसतं.

मग हा समज आला कुठून? १९०७ साली केंब्रिज विद्यापीठात फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचे सुटे स्नायू थकवून दाखवलं की ऑक्सिजन नसला की लॅक्टिक ॲसिड जमतं आणि ऑक्सिजन दिला की कमी होतं. पुढे आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांनी स्नायूंची उष्णता, ऑक्सिजन आणि लॅक्टिक ॲसिड यांचं गणित मांडलं आणि त्यांना १९२२ चं नोबेल मिळालं. प्रयोग उत्तमच होते. पण विचार करा, कापून ठेवलेल्या स्नायूला ना रक्तपुरवठा, ना हृदय, ना यकृत, तर तयार झालेलं लॅक्टेट जाणार कुठे? तिथेच जमणार ना! आणि त्यावरून सगळ्यांनी धरून चाललं की हा कचरा आहे.

आता माझा आवडता भाग, जरा हळू वाचा. स्नायू पेशीत ग्लुकोज तुटून पायरुवेट होतं आणि थोडी ऊर्जा एटीपीच्या रूपात लगेच मिळते. या कामात एनएडी नावाचा रेणू हमालासारखा इलेक्ट्रॉन उचलून नेतो, पण हमाल मोजकेच असतात आणि ओझं उतरवून रिकामे झाले तरच पुढचं ग्लुकोज तुटू शकतं. आरामात चालताना ओझं मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांत, उतरतं, तिथे ऑक्सिजन त्याची वाट बघत असतो. जोरात पळायला लागलात की ओझी इतक्या भराभर येतात की तिथे रांग लागते, तेव्हा पायरुवेट स्वतःच ओझं घेतं आणि लॅक्टेट बनतं, हमाल सुटतो, काम चालू राहतं. म्हणजे लॅक्टेट तयार झालं नसतं तर तुम्ही आधीच थांबला असता! आणि गंमत म्हणजे या अभिक्रियेत एक प्रोटॉन, म्हणजे आम्लपणा आणणारा हायड्रोजनचा कण, वापरला जातो, सुटत नाही. स्नायू आम्लधर्मी होतात, पीएच ७ वरून ६.५ च्या आसपास येऊ शकतो हे खरंय, पण ते प्रोटॉन मुख्यतः एटीपी तुटताना सुटतात असं बऱ्याच संशोधकांचं म्हणणं आहे. पळता पळता होणारी जळजळसुद्धा एकट्या लॅक्टेटची नाही. युटा विद्यापीठात प्रोटॉन, लॅक्टेट आणि एटीपी अंगठ्याच्या स्नायूत टोचून बघितले, एकेकटे टोचले तर काहीच नाही, तिन्ही एकत्र टोचले तेव्हा थकवा नि दुखणं जाणवलं.

मग ते लॅक्टेट जातं कुठे? बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉर्ज ब्रूक्स यांनी खूण केलेला कार्बन वापरून लॅक्टेटचा माग काढला आणि १९८० च्या दशकात "लॅक्टेट शटल" मांडलं. वेगवान तंतू लॅक्टेट बनवतात, पेशीच्या पडद्यातल्या एमसीटी नावाच्या दारांतून ते प्रोटॉन सोबत घेऊनच बाहेर पडतं, आणि शेजारचे संथ तंतू, हृदय, मेंदू ते इंधन म्हणून जाळतात. व्यायाम चालू असताना बहुतांश लॅक्टेट असंच जळून जातं, उरलेल्यातलं काही यकृत परत ग्लुकोज करतं. म्हणजे कचरा समजून ज्याला शिव्या दिल्या ते एका अवयवाने दुसऱ्याला पाठवलेलं इंधन निघालं.

आणि इथे विद्यापीठं आणि क्रीडा संघ एकत्र आले की काय होतं ते बघा. इनिगो सान मियान हे कोलोरॅडो विद्यापीठातले संशोधक, त्यांनी ताडेज पोगाचारसारख्या सायकलपटूबरोबर काम केलं, हा तोच ज्याने २०२० आणि २०२१ ची टूर द फ्रान्स ही मोठी सायकल शर्यत जिंकली. त्यांची टेस्ट साधी आहे, सायकलवर जोर हळूहळू वाढवत जायचं आणि दर टप्प्याला रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट मोजायचं. विश्रांतीत ते लिटरला सुमारे १ मिलिमोल असतं. ज्याचे मायटोकॉन्ड्रिया तगडे, त्याचं लॅक्टेट बराच वेळ खालीच राहतं, कारण बनतं तसं जळतंही.

२०१८ साली सान मियान आणि ब्रूक्स यांनी मिळून हीच टेस्ट व्यावसायिक सायकलपटू, बऱ्यापैकी सक्रिय माणसं आणि मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, रक्तातली साखर, रक्तदाब असं बरंच एकत्र वाढलेलं) असलेली माणसं अशा तीन गटांवर लावली. तिसऱ्या गटात अगदी कमी जोरालाच लॅक्टेट चढायला लागलं आणि चरबी जाळणं मंदावलं. शर्यतीसाठी बनवलेली टेस्ट आता आयुष्यात कधी सायकलची शर्यत न लावलेल्या माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाचं काय चाललंय ते रक्ताच्या काही थेंबांतून सांगते, तेही त्याला दवाखान्यात झोपवून नाही तर पेडल मारायला लावून.