लाउटन छावणीची रानवाट

लाउटन छावणीची रानवाट : लंडनच्या ईशान्येस, एसेक्स परगण्यातील एपिंग अरण्यात जाणारी छोटी पायवाट. भुयारी रेल्वेच्या सेंट्रल मार्गावर लाउटन स्थानकाला उतरावे, गावातून स्टेपल्स रोडला यावे, रस्ता ओलांडून जंगलात शिरावे आणि ओढा पार करून टेकाडावरच्या लाउटन छावणी या लोहयुगीन तटबंदीपर्यंत जाऊन परतावे, एवढीच ही वाट. रमतगमत दोन-तीन तास पुरतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बीचची झाडे तांबूस होतात, हॉर्नबीम पिवळी पडतात आणि लंडनकर इथे लोटतात. रंग बघायला येणारे पुष्कळ. या जंगलाचा इतिहास कळायचा तर झाडांचे आकार बघावेत.

इथले जुने झाड सरळ वर गेलेले सहसा नसते. पुरुषभर उंचीपर्यंत जाडजूड बुंधा, त्यावर गाठीगाठींनी फुगलेले डोके आणि त्यातून एकाच ठिकाणाहून उसळलेल्या आठ-दहा फांद्या, एकेक फांदी स्वतंत्र झाडाएवढी. अशा झाडाला पोलार्ड म्हणतात. गावकरी दर काही वर्षांनी याच उंचीवर फांद्या छाटून सरपण नेत. छाटणी इतक्या वर करण्याचे कारण साधे होते : खाली तोडले असते तर नवे कोंब हरणांनी आणि गुरांनी फस्त केले असते. अशी जुनी झाडे एपिंगमध्ये ५०,००० हून अधिक आहेत. टेकाडांच्या माथ्यावरील रेताड-गोटाळ जमिनीत बीच, तर खालच्या चिकणमातीत हॉर्नबीम अधिक.

सरपणाचा हा हक्क लाउटनमध्ये रूढीने चालत आला होता. हंगाम सुरू होई तो ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री आणि चाले २३ एप्रिलपर्यंत. पहिली फांदी बरोबर मध्यरात्री तोडली नाही तर हक्क बुडतो, अशी समजूत होती. त्यामुळे गावकरी स्टेपल्स टेकडीवर जमून शेकोटी पेटवीत आणि बियर पीत बाराच्या ठोक्याची वाट बघत. एका वर्षी जमीनदाराच्या बाजूने त्यांना जेवणावळ घालून, दारू पाजून वेळ चुकवण्याचा डाव टाकला गेला. टॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा तेवढा मध्येच उठून गेला आणि फांदी तोडून घेऊन परतला, असे सांगतात. कथा जरा जास्तच रंगलेली वाटते. विलिंगेल मात्र खराच.

१८५६ मध्ये लाउटनला रेल्वे आली आणि जमिनीचे भाव चढले. शेजारचे हेनॉल्ट अरण्य १८५१ च्या कायद्याने मोडीत काढून झपाट्याने तोडून झालेच होते. एपिंगमध्येही जहागीरदारांनी कुंपणे घालायला सुरुवात केली. १८५० च्या सुमारास सहा हजार एकर असलेले मोकळे रान वीसेक वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. लाउटनचा जहागीरदार जॉन व्हिटेकर मेटलंड हाच गावच्या चर्चचा धर्मगुरूही होता. त्याने १८६० च्या दशकात सुमारे १,३०० एकर रान घेरले. विलिंगेल कुटुंबीयांनी कुंपण न जुमानता फांद्या तोडणे चालूच ठेवले आणि १८६६ मध्ये घरातल्या तरुणांना तुरुंगात जावे लागले. १८६५ मध्ये लंडनला स्थापन झालेली सार्वजनिक गायराने वाचवणारी संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. खटला उभा राहिला, पण १८७० मध्ये विलिंगेल वारला आणि दावा तिथेच थांबला.

पुढची लढाई लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने लढवली, आणि तीही एका स्मशानभूमीच्या जोरावर. ईशान्येकडील दफनभूमीसाठी कॉर्पोरेशनने जमीन घेतलेली होती. त्या जमिनीबरोबर अरण्यात गुरे चारण्याचा हक्क आपोआप आला होता. या हक्काच्या आधारे १८७१ मध्ये सगळ्या जहागीरदारांवर दावा लावला गेला. १८७४ मध्ये न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी कुंपणे बेकायदा ठरवली. १८७८ च्या एपिंग अरण्य कायद्याने कॉर्पोरेशनकडे देखभाल सोपवली आणि रान कायम विनाकुंपण, विनाबांधकाम ठेवण्याची सक्ती केली. ६ मे १८८२ रोजी व्हिक्टोरिया राणीने अरण्यातील हाय बीच या ठिकाणी येऊन ते जनतेला अर्पण केले.

या सोहळ्यात एक गोष्ट झाकून गेली. त्याच कायद्याने फांद्या तोडण्याचा हक्क रद्द झाला होता! ज्यांच्या हट्टामुळे रान वाचले त्यांनाच त्यातून सरपण आणायची मनाई झाली. भरपाईचे ७,००० पौंड वापरून गावासाठी लॉपिंग हॉल (लॉपिंग म्हणजे फांद्या छाटणे) बांधला गेला (१८८४). स्थानकाकडून येताना हाय रोडच्या कोपऱ्यावर तो लागतो. स्टेशन रोडकडील जुन्या प्रवेशद्वारावर भाजक्या मातीत फांद्या छाटणारी माणसे कोरलेली आहेत. ती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मराठी वाचकाला १८७८ हे साल वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. भारतीय वन कायदा त्याच वर्षीचा. त्यानंतर ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी, म्हणजे पेरणीआधी शेतात जाळण्यासाठी, ऐनाचे टाहाळ (पानांसकट फांद्या) तोडण्यावर निर्बंध आले, ओरड झाली आणि मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. लंडनचा कायदा जनतेच्या भल्याचा आणि आपल्याकडचा जाचाचा, असे म्हणून मोकळे होता येत नाही. सरपण तोडणाऱ्याची कुऱ्हाड दोन्हीकडे थांबली. फरक पडला तो भरपाईत.

ओढा ओलांडून चढ लागला की माथ्यावर लाउटन छावणी येते. इ.स.पू. ५०० च्या सुमाराची ही तटबंदी म्हणजे मातीचा एकेरी बांध आणि बाहेरून खंदक. दोन्ही आता इतके बसले आहेत की पाला साचल्यावर नवख्याला पटकन उमगत नाहीत. १८७२ मध्ये बेंजामिन हॅरिस काउपर याने ती ओळखली, तोवर जाणकारांनाही तिचा पत्ता नव्हता. डिक टर्पिन हा वाटमाऱ्या इथे लपत असे, अशी वदंता आहे. त्याने १७३७ मध्ये याच अरण्यात एका वनरक्षकाच्या नोकराला ठार केले, एवढे खरे. पुढे १७३९ मध्ये यॉर्कला त्याला फाशी झाली.

छावणीवर बीचच्या बियांचा सडा असतो : चार पाकळ्यांत उघडणारे खरखरीत टरफल, आत तपकिरी, तिधारी दाणे. अळंबी जागोजाग उगवतात, पण तोडायला बंदी आहे आणि कॉर्पोरेशन खटले भरते. नोव्हेंबरात सव्वाचारच्या आतबाहेर सूर्य मावळतो, म्हणून दुपार टळायच्या आत निघावे. चिकणमातीमुळे बूट चांगले हवेत.

छाटणी थांबल्यापासून फांद्या वाढतच गेल्या. जड माथ्यामुळे बुंधे उभे चिरतात, आणि दाट सावलीने खाली काही उगवत नाही. बीचखालची जमीन उघडी दिसते ती यामुळेच. हल्ली काही भागांत पुन्हा छाटणी सुरू आहे. मात्र म्हाताऱ्या बीचची सगळी डोकी एकदम उतरवली तर झाड दगावते, म्हणून एका झाडाचे काम टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षे चालते. ते कॉर्पोरेशनच्या देखरेखीखाली केले जाते.