वामकुक्षी

दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर घेतलेली थोड्या वेळाची विश्रांती म्हणजे वामकुक्षी. ही सवय महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. पुण्याशी तिचे नाव विशेष जोडले गेले, ते पेठांमधील दुकाने दुपारी १ ते ४ बंद राहत असल्यामुळे. मात्र या तीन तासांत दुकानदाराला घर गाठून जेवण आणि शतपावली उरकायची असे, त्यामुळे प्रत्यक्ष झोपेच्या वाट्याला त्यातला थोडाच वेळ येई. ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’ अशा पाट्यांची थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात हे सहसा येत नाही. २०१७ मध्ये चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडे ठेवण्याचे ठरवले, तेव्हा त्याची बातमी झाली.

दुपारची सुस्ती केवळ जेवणामुळे येत नाही. शरीराच्या दैनंदिन लयीनुसार साधारणतः १ ते ३ च्या दरम्यान तरतरी ओसरते, आणि सकाळपासून मेंदूत साठत गेलेल्या ॲडेनोसीन या रसायनामुळे झोपेची ओढही वाढलेली असते. पुरणपोळीचे जेवण त्यात फक्त भर घालते.

वामकुक्षीचा लाभ मुख्यतः तिच्या लांबीवर अवलंबून असतो. पहिल्या १० ते २० मिनिटांत झोप हलकी असते आणि तेवढ्यात उठल्यास हुशारी वाटते. अर्ध्या तासानंतर गाढ झोप लागू लागते; तिच्यातून कोणी उठवले, तर डोके जड होते आणि बराच वेळ काही सुचत नाही. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात ४० मिनिटांची सवड मिळालेल्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली, आणि ते विश्रांती न मिळालेल्यांपेक्षा अधिक सावध राहिले. म्हणून पलंगावर पांघरूण घेऊन निजण्यापेक्षा पंख्याखाली चटई टाकून, गजर लावून पडणे बरे. चहा-कॉफीचा परिणाम जाणवायला साधारण २० ते ३० मिनिटे लागत असल्याने ती आडवे होण्यापूर्वी घेतल्यास जाग येताना तरतरी येते. चारचा चहा उठल्यावरच घ्यायचा असतो अशा घरांत हा सल्ला रुचणे कठीण. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहते, त्यामुळे आम्ल वर येण्याचे प्रमाण कमी होते.

आयुर्वेदाला दिवसाची झोप सरसकट मान्य नाही. चरकसंहितेने ती रात्र लहान असणाऱ्या ग्रीष्म ऋतूत, तसेच वृद्ध, बालक आणि थकलेल्यांना हितकर मानली आहे. इतर ऋतूंत तिने कफ व पित्त वाढतात, म्हणून स्थूल व्यक्तींनी ती टाळावी, असे सांगितले आहे. बसल्या बसल्या काढलेली डुलकी मात्र त्याच ग्रंथाने निर्दोष ठरवली आहे, आणि हिंजवडीतील कार्यालयांत सतरंजी पसरणे शक्य नसणाऱ्यांना ही सवलत सोयीची आहे.

रात्री झोप न लागण्याची तक्रार असलेल्यांनी दुपारी झोपणे टाळावे, आणि इतरांनीही ३ नंतर झोपू नये. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या व्यक्तीला पुरेसे झोपूनही रोज दुपारी डोळे उघडे ठेवणे जमत नसेल, तर ते झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराचे लक्षण असू शकते आणि त्याची तपासणी करून घ्यावी लागते.