कंपवातातील तोल आणि खोल मेंदू-उद्दीपन

मेंदूच्या खोल भागात बारीक तारा बसवून, छातीच्या कातडीखाली ठेवलेल्या यंत्रातून त्यांत विजेचे सौम्य ठोके सतत सोडण्याच्या उपचाराला खोल मेंदू-उद्दीपन, दवाखान्याच्या भाषेत डीबीएस म्हणतात. कंपवातातली थरथर, ताठरपणा आणि हालचालींतला मंदपणा याने चांगलाच कमी होतो. तोलाचे तसे नाही, आणि या उपचारातला बहुतेक अपेक्षाभंग इथेच होतो.

फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये थरथरीसाठी ही पद्धत वापरली. आज तारेचे टोक बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियस किंवा ग्लोबस पॅलिडस या भागांत ठेवतात. तोल सावरण्याचे काम मात्र बऱ्याच अंशी मेंदूच्या खोडातून चालते. तिथल्या ॲसिटिलकोलिन या रसायनावर चालणाऱ्या पेशीही या आजारात मरतात, आणि ती उणीव डोपामिनने, म्हणजे कंपवातात कमी पडणाऱ्या मुख्य रसायनाने, भरून निघत नाही. खोडातच तार बसवण्याचे प्रयत्न झाले. काहींना गुण आला, काहींना नाही. तो अजून नेहमीचा उपचार झालेला नाही.

म्हणून शस्त्रक्रियेआधीची गोळीची चाचणी महत्त्वाची. आदल्या रात्रीपासून सुमारे १२ तास लेव्होडोपा (मेंदूत जाऊन डोपामिन बनणारे, कंपवाताचे मुख्य औषध) बंद ठेवून सकाळी हालचालींचे गुणांकन करतात, मग नेहमीपेक्षा थोडी मोठी मात्रा देऊन तासाभराने पुन्हा. निदान ३० टक्के सुधारणा अपेक्षित असते. पण हा एकूण आकडा फसवा. तोलाचे गुण वेगळे पाहावेत. गोळी पूर्ण लागू असतानाही माणूस पडत असेल, तर यंत्राने तो उभा राहील ही आशा धरू नये. थरथर सोडली तर गोळी जे करते तेवढेच यंत्र करते, फक्त दिवसभर. बेळगावजवळच्या खानापूरच्या रानात सापडणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असते. तिचे चूर्ण चालू असेल तर आधीच सांगावे, नाहीतर ‘बिनगोळीचे’ गुण खोटे येतात.

तोल तपासताना परीक्षक मागे उभा राहून दोन्ही खांदे झटकन मागे ओढतो. एकदोन पावलांत सावरणे ठीक, तीन ते पाच पावले लागणे म्हणजे बिघाडाची सुरुवात, पाऊलच न टाकता ओंडक्यासारखे कलंडणे वाईट. पाऊल मागे टाकायला मुभा आहे, हे आधी सांगावे लागते. बेळगाव भागात तपासणी कन्नडमध्ये आणि आजी मराठी, असे असले तर ही एक ओळ हमखास निसटते. मग आजी ‘हलायचं नाही’ असे समजून ताठ उभ्या राहतात आणि गुण विनाकारण बिघडतात. सोबतच्या माणसाने ती मराठीत सांगावी.

यंत्र साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी सुरू करतात: सेकंदाला सुमारे १३० ठोके, प्रत्येक ठोका ६० मायक्रोसेकंदांचा, ताकद हळूहळू वाढवत. चालताना पाय जमिनीला चिकटू लागले तर ठोके ६० ते ८० वर आणून पाहतात. त्याने काहींची पावले सुटतात, पण थरथर परत येऊ शकते. ताकद जास्त झाली तर वीज शेजारच्या तंतूंत पसरून जीभ जड होते, चेहरा ओढला जातो. गोळ्या घाईने कमी केल्यावर चाल मंदावते, तेव्हाही दोष यंत्राच्याच माथी येतो.

अंग मोकळे झाल्यावर माणूस जास्त फिरतो आणि जास्त पडतो, म्हणून घर आधी आवरावे. उंबऱ्याशी पाय अडकत असतील तर त्याच्या अलीकडे पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवाव्यात. पट्टी ओलांडायची म्हटले की पाऊल उचलते. न्हाणीच्या ओल्या शहाबादीवर खरखरीत पट्टी आणि भिंतीला दांडी हवीच. वळताना एका पायावर गर्रकन न फिरता मोठी फेरी घ्यावी. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून दोन्ही हातांत ओझे घेऊन जाणे सोडावे.

कंबरदुखीसाठी शेक घ्यायला गेल्यावर यंत्राचे कार्ड दाखवावे. डायथर्मीचा, म्हणजे लहरींनी अंग आतून तापवणारा शेक पूर्ण वर्ज्य आहे, कारण तारेचे टोक तापून मेंदू भाजतो. गरम पाण्याची पिशवी चालते. साधी बॅटरी सुमारे ३ ते ५ वर्षे टिकते. ताठरपणा आणि पडणे अचानक परतले तर आधी तीच तपासावी. चार्जिंगची असेल तर पावसात वीज जाण्याची वाट न पाहता अर्ध्यावर आली की भरून ठेवावी.